शेंगेच्या मुळावरची गाठ आणि आईची भिशी

श्रावणात भुईमुगाला आऱ्या, म्हणजे मातीत शिरून शेंगा धरणारे देठ, सुटायला लागल्या की मामा एखादं झाड काढून बघतो. उपटत नाही. ओढून उपटलं तर जे बघायचं तेच मातीत तुटून राहतं. खुरप्यानं चौफेर माती सैल करायची, बुडख्याला धरून झाड हळूच वर घ्यायचं आणि बादलीतल्या पाण्यात मुळं खळखळून काढायची. मग त्या पांढुरक्या मुळ्यांवर मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. मी सातवीत असताना अक्कलकोट तालुक्यातल्या त्याच्या रानात पहिल्यांदा त्या पाहिल्या, तेव्हा म्हटलं, "मामा, रोग पडलाय." मामानं एक गाठ नखानं खुडली, दोन बोटांत चिरडली आणि बोट माझ्यापुढं धरलं. नखावर लालसर पाणी होतं. "लाल हाय न्हवं? मग कारखाना चालू हाय," म्हणाला आणि पुढच्या सरीला गेला.

तो कारखाना कसला, हे मला बऱ्याच वर्षांनी नीट कळलं. आणि ते कळल्यावर आईच्या भिशीची वहीही वेगळी दिसायला लागली. या दोन्हींना जोडणारा एक शब्द आहे, म्युच्युअलिझम. मराठीत त्याला परस्परोपकार म्हणता येईल. शब्द जड वाटतो, पण सोलापूरकराला त्यातलं काही नवं नाही. शेंगाचटणी खाताना, चादर अंगावर घेताना, कडबा तोडून म्हशीपुढं टाकताना आपण त्याच्याच आसपास असतो.

आधी गाठीचं सांगतो. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. पिकाला वाढायला नायट्रोजन हवाच, त्याच्याशिवाय पान पिवळं पडतं. पण हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते सोडवता येत नाहीत. विहिरीच्या काठावर बसून तहानलेलं राहावं तसं हे आहे. युरियासाठी लागणारा अमोनिया बनवताना हीच पकड सोडवावी लागते. त्यासाठी कारखान्यात 400 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता आणि साध्या हवेच्या दीड-दोनशे पट दाब द्यावा लागतो. मातीतले रायझोबियम गटातले जिवाणू तेच काम मामाच्या काळ्या रानात, कुठलीही भट्टी न पेटवता करतात.

फुकट मात्र करत नाहीत. या कामाला प्रचंड ताकद लागते आणि ती येते झाडानं पानात तयार केलेल्या साखरेतून. शिवाय एक अडचण अशी की नायट्रोजन फोडणारं जिवाणूचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि जिवाणूला श्वास घ्यायला तर ऑक्सिजन हवाच. झाडानं यावर तोड काढलीय. मुळावर गाठ बांधून जिवाणूंना आत खोली द्यायची आणि त्या खोलीत एक लाल द्रव्य भरायचं. हे द्रव्य आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच घराण्यातलं आहे. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजूनमापून सोडतं. मामाच्या नखावरचं लाल पाणी ते हेच. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर समजायचं की आत कामकाज बंद आहे. खोली झाडाची, भाकरी झाडाची, राबणूक जिवाणूंची, आणि निघालेल्या नायट्रोजनवर झाड पोसतं.

आता एक फरक, जो सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पैशात कळतो. डाळिंबाच्या मुळांवरही गाठी येतात. त्या सूत्रकृमीच्या. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पण भुईमुगाची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, नखानं खुडली की टिचकन सुटते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळ स्वतःच सुजलेलं असतं. सूत्रकृमी आत बसून झाडाचा रस पितो आणि बदल्यात काहीच देत नाही. बाग हळूहळू बसत जाते. एकाच जमिनीतल्या या दोन गाठी, त्यातली एक परस्परोपकाराची आणि दुसरी परजीवीपणाची.

या दोन टोकांच्या मध्ये तिसराही एक प्रकार आहे. नांगर किंवा ट्रॅक्टर चालला की मागं पांढऱ्या गायबगळ्यांची रांग लागते. माती उलटते, किडे वर येतात, बगळ्याचं पोट भरतं. बैलाला त्यातून फार काही मिळत नाही आणि त्याचं बिघडतही नाही. याला सहभोजिता म्हणतात. आणि सहजीवन हा शब्द या तिन्हींच्या वरचा आहे. दोन वेगवेगळे जीव एकमेकांना लागून जगतात एवढाच त्याचा अर्थ. फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा ते त्यात येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आन्टोन द बारी यानं 1879 मध्ये तो शब्द मांडला तेव्हा परजीवीसुद्धा त्यात धरले होते. आपल्याकडे सहजीवन म्हटलं की लग्नपत्रिका आठवते, म्हणून हे आवर्जून सांगितलं.

घरातला मसाल्याचा डबा उघडलात तरी एक उदाहरण सापडेल. काळ्या मसाल्यात घालतो ते दगडफूल. ते फूल नव्हे, आणि एक वनस्पतीही नव्हे. बुरशी आणि शेवाळ असे दोन जीव मिळून ते बनतं. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा आणि ओल देते. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यानं 1860 च्या दशकात हे सांगितलं तेव्हा कित्येक जाणत्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. एका जीवात दोन जीव, ही कल्पनाच त्यांना पटेना.

या सगळ्याबद्दल शाळेत जे शिकवलं जातं त्यात एक गोडवा असतो. निसर्ग किती प्रेमळ, सगळे कसे मिळून मिसळून राहतात वगैरे. मला वाटतं यानंच विषय समजण्यात मोठी आडकाठी येते. परस्परोपकारात प्रेम असावंच लागतं असं नाही. गायीचं बघा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा कडबा गाय खाते खरी, पण तो पचवायची ताकद तिच्यात नाही. कडब्यातला टणक भाग फोडतात ते तिच्या पहिल्या पोटातले कोट्यवधी सूक्ष्मजीव. गाय त्यांना 39 अंशांची ऊब देते, दिवसभर रवंथ करून चारा बारीक करून देते, लाळेनं आंबटपणा आटोक्यात ठेवते. ते कडबा आंबवतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर गायीची बहुतेक ताकद चालते. इथवर छान आहे. पण पुढच्या पोटात ती त्याच सूक्ष्मजीवांना पचवून टाकते, तिच्या प्रथिनांचा मोठा वाटा तिथूनच येतो. तरीही तो परस्परोपकारच, कारण जितके मरतात तितके मागं वाढत राहतात आणि गायीच्या पोटाइतकी चांगली जागा त्यांना दुसरीकडं मिळत नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी जमेचा राहतो.

मग कोणी फसवलं तर? साखर खाऊन जिवाणू नुसताच बसून राहिला तर झाडाला काय कळणार? याचा शोध घेणारा एक प्रयोग 2003 साली टोबी कियर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनवर केला. आपल्या बार्शीकडे पेरतात तेच पीक. त्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्याजागी आरगॉन हा वायू भरला. त्या गाठीतल्या जिवाणूंना फोडायला नायट्रोजनच उरला नाही. झाडानं काय केलं? त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला. आतल्या जिवाणूंची वाढ मंदावली. चालू गाठींना पुरवठा सुरू, बंद गाठींची कोंडी. झाडाला डोळे नाहीत, डोकं नाही, तरी कोण काम देतंय हे त्याच्यापर्यंत पोचतं आणि त्याप्रमाणे हात आखडता घेतला जातो.

या प्रयोगातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या गाठीतले जिवाणू कामचुकार नव्हते. त्यांची हवाच काढून घेतली होती. झाडाला तो फरक कळला नाही, कळायला मार्गच नव्हता. नायट्रोजन येत नाही एवढंच त्याला कळलं. याकडं मी शेवटी परत येणार आहे.

दुसरी बाजूही खरी आहे. गरज संपली की झाड स्वतःहून हा करार मोडतं. मामानं एका वर्षी शेजाऱ्याचं ऐकून भुईमुगाला मोकळ्या हातानं युरिया टाकला. त्या श्रावणात मुळं धुतली तर गाठी तुरळकच. आयता नायट्रोजन मातीत पडलेला असताना जिवाणूंना साखर कशाला चारायची? म्हणून भुईमूग, हरभरा, तूर अशा पिकांना नत्राचा, म्हणजे नायट्रोजनच्या खताचा, सुरुवातीचा थोडाच हप्ता द्यायला सांगतात आणि बियाण्याला रायझोबियम संवर्धक चोळायला सांगतात. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, नंतर सावलीत सुकवून. उन्हात सुकवलं तर जिवाणू मरतात. आणि पाकीट घेताना पिकाचं नाव वाचून घ्यायचं, कारण हरभऱ्याशी जमणारा जिवाणू भुईमुगाशी जमेलच असं नसतं. या जोड्या ठरलेल्या असतात.

आता म्युच्युअलिझम या शब्दाचा प्रवास सांगतो, कारण तो सोलापूरकराला जवळचा वाटेल. आपल्याला वाटतं, आधी शास्त्रज्ञांनी निसर्गात परस्परोपकार पाहिला आणि मग कोणीतरी तो माणसांना लावला. घडलं उलटं. हा शब्द विणकराच्या मागावरून निघाला.

फ्रान्समधलं ल्यों हे रेशमाचं शहर. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर निघते, ते जकार्ड मुळात तिथलं. जोसेफ मारी जकार्ड यानं 1804 च्या सुमारास ते बांधलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरते, जिथं भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो आणि खालून धोटा बाणा घेऊन निघून जातो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, मागवाल्यांच्या गल्लीत वाढलेल्या कोणालाही तो आवाज वेगळा सांगायला नको. आमच्याकडे तर माग थांबला की झोपलेली माणसं जागी व्हायची.

ल्योंच्या विणकरांचे माग त्यांच्या घरातच होते. रेशीम व्यापारी देणार, कापड व्यापारीच नेणार आणि मजुरीचा दर बहुधा तोच ठरवणार. विणकर आजारी पडला की माग बंद आणि चूलही बंद. 1828 च्या सुमारास पिएर शार्निए नावाच्या विणकरानं पुढाकार घेऊन तिथल्या मागवाल्यांनी एक मंडळ काढलं. त्याचं नाव होतं 'परस्पर कर्तव्य'. वीसपेक्षा जास्त माणसांनी परवानगीशिवाय संघटना करायला तिथं कायद्यानं बंदी होती, म्हणून त्यांनी वीसच्या आतले छोटे छोटे गट पाडले. वर्गणी काढायची, आजाऱ्याला मदत करायची, हत्यारं उसनी द्यायची, कुठला व्यापारी काय दर देतो ते एकमेकांना सांगायचं. या मंडळातल्यांना लोक 'म्युच्युअलिस्ट' म्हणू लागले. 1831 मध्ये दराच्या प्रश्नावरून ल्योंचे विणकर रस्त्यावर उतरले, 1834 मध्ये पुन्हा उतरले आणि दोन्ही वेळा सैन्य आणून त्यांना मोडून काढण्यात आलं. शब्द मात्र उरला.

1840 च्या दशकात पिएर-जोसेफ प्रूदों हा विचारवंत ल्योंमध्ये नोकरीला होता. त्यानं तो शब्द तिथून उचलला आणि त्याची एक समाजरचना केली. मालकाची हुकमत नको, सरकारचीही नको. राबणारी माणसं बरोबरीच्या नात्यानं एकमेकांशी देवघेव करतील आणि नाममात्र व्याजानं एकमेकांना भांडवल देतील, अशी ती कल्पना. 1849 मध्ये त्यानं लोकांची बँक काढायला घेतली, पण ती उभी राहायच्या आतच त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि बँक गुंडाळावी लागली. पुढं फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात अशी परस्पर मदतीची मंडळं भरपूर झाली, हा शब्द चारचौघांच्या तोंडी रुळला. आणि 1873 मध्ये पिएर-जोसेफ वान बेनेडेन या बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञानं तोच शब्द प्राण्यांना लावला. काही प्राणी दुसऱ्याच्या ताटात जेवतात, काही दुसऱ्याला खातात आणि काही एकमेकांची कामं करून फेड करतात. या तिसऱ्यांना त्यानं म्युच्युअलिस्ट म्हटलं. भुईमुगाच्या गाठीला आज जे नाव आहे ते आधी विणकरांचं नाव होतं, हे मला कळलं त्या दिवशी आमच्या गल्लीचा मला फार अभिमान वाटला.

विणकरांची साखळी तिथंच थांबली नाही. 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात 28 जणांनी, ज्यांत बरेच विणकर होते, एकेक पौंड गोळा करून पीठ, लोणी, साखर विकणारं छोटं दुकान काढलं. प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि नफा वाटायचा तो ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. जगभरच्या सहकारी संस्था त्या नियमांवर उभ्या आहेत. भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 मध्ये आला. सोलापूर जिल्ह्यातले सहकारी साखर कारखाने, विणकरांच्या सोसायट्या, पतसंस्था ही सगळी त्याच वंशातली. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी वळणाऱ्या बायकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेनं 2006 मध्ये 10 हजार घरं उभी केली. सरकारी अनुदान होतं, पण स्वतःचा हिस्सा त्या बायकांनी विड्या वळून भरला. रोज हजार विड्या वळणाऱ्या बोटांनी घराचा हप्ता भरायचा म्हणजे काय, हे ज्यांनी ती बोटं पाहिलीत त्यांनाच कळेल.

समाजातल्या उदाहरणांत मी सर्वांत आधी पैरा ठेवतो. आजोबांकडे एकच बैल होता, बांधालगतच्या शेतकऱ्याकडेही एकच. एका बैलावर नांगर चालत नाही. दोघांनी बैल जोडले, एक दिवस याच्या रानात, एक दिवस त्याच्या. कोणी कोणावर उपकार केला नाही. दोघांनाही बैल हवा होता आणि दोघांकडेही द्यायला एक बैल होता. काही भागात याला सावड म्हणतात. इर्जिक थोडं निराळं. तिथं सारा गाव औतं घेऊन एकाच्या रानात उतरतो आणि तो सगळ्यांना जेवण घालतो. उद्या दुसऱ्याची पाळी.

इथं मला एका गोष्टीवर ठामपणे बोलायचं आहे. गावगाड्याबद्दल बोलताना पुष्कळ जण म्हणतात, बारा बलुतेदार आणि शेतकरी एकमेकांवर अवलंबून होते, किती सुंदर परस्परोपकार होता. नव्हता. पैऱ्यात दोघांपैकी कोणीही म्हणू शकत होता, "पुढच्या वर्षी नको." बलुत्यात कामही जन्मानं ठरलेलं, मोबदलाही दुसऱ्यानं ठरवलेला, आणि काम नाकारलं तर बहिष्कार. वतनाच्या नावाखाली महार समाजाला रात्रंदिवस राबवून घेतलं जायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते याच बंधनाविरुद्ध. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 मध्ये. देवघेव होती म्हणून तिला परस्परोपकार म्हणता येत नाही. सूत्रकृमीही डाळिंबाच्या मुळातच राहतो. देणाऱ्याला हात आखडता घेता येतो का, हे आधी विचारायला हवं. भुईमुगाला येतो. बलुतेदाराला येत नव्हता.

दोघांचं जमलं म्हणजे सगळ्यांचं भलं झालं, असंही नसतं. करडईवर मावा पडला की झाडावर मुंग्यांची ये-जा वाढते. मावा झाडाचा रस शोषतो आणि मागून गोड चिकटा सोडतो. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. मुंगी खूश, मावा खूश, करडई वाळते. बाजारात माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला लिलावात बोली लावणारे आपसांत ठरवून बसलेले भेटले, तर त्यांच्यातलं नातंही असंच असतं. त्यांच्यापुरतं ते परस्परोपकाराचंच आहे, फक्त त्याची किंमत तिसरा मोजतो.

आता भिशी.

आईच्या भिशीत बारा बायका होत्या. मराठी, तेलुगू, कानडी, सगळ्या एकाच बोळातल्या. मी शाळेत असताना महिन्याला 500 रुपये, म्हणजे जिचा नंबर लागेल तिला 6,000. महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसायच्या. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी उचलायला कोणाचं तरी लहान पोर. हिशेब आईच्या दोनशे पानी वहीत.

वरवर बघितलं तर यात कोणालाच काही मिळत नाही. प्रत्येकीनं 6,000 भरले, प्रत्येकीला 6,000 मिळाले. व्याज नाही, नफा नाही. पण नीट बघा. एकटीनं 500 रुपये बाजूला टाकत गेली असती तर 6,000 हातात यायला प्रत्येकीला बारा महिने लागले असते. भिशीत पहिलीला ते पहिल्याच महिन्यात मिळतात, दुसरीला दुसऱ्या, अकरावीला अकराव्या. बारा जणींपैकी अकरा जणींना रक्कम लवकर मिळते, आणि बारावीला एकटीनं साठवली असती तेव्हाच मिळते. कोणाचं नुकसान नाही आणि अकरा जणींचा फायदा. शून्यातून काहीतरी निर्माण झालं, आणि ते फक्त एकत्र बसल्यामुळं. शिलाई मशीन, मुलीची बारावीची फी, पत्र्याचं छत, हे सगळं आमच्या बोळात असंच आलं. आणि बारावीवर अन्याय नको म्हणून आईचा नियम होता की या फेरीत जी शेवटी, पुढच्या फेरीत ती पहिली. तिच्यापुरती चिठ्ठी नाही.

भिशीचा कच्चा दुवा सगळ्यांना ठाऊक असतो. पहिला नंबर घेऊन पुढचे हप्ते बुडवले तर? कागदपत्र नाही, सही नाही, कोर्ट नाही. तरी बुडवत नाहीत, कारण बोळ एकच आहे आणि नळ एकच आहे. सकाळी घागर घेऊन त्याच बायकांच्या रांगेत उभं राहायचं असतं, आणि पुढच्या फेरीत घेतलं नाही तर अडीअडचणीला जायचं कुठं? झाडानं गाठीचा ऑक्सिजन तोडावा तशी ही तजवीज. हजारो सभासदांच्या पतसंस्थेत हेच काम लेखापरीक्षण आणि वार्षिक सभा करतात. सभासद सभेला जायचे बंद झाले, ताळेबंद न वाचता सह्या झाल्या की गाठ आतून पांढरी पडायला लागते. बाहेरून तिचा आकार तेवढाच दिसत राहतो.

एका फेरीत दुसरा नंबर समोरच्या अक्काचा लागला. ती विड्या वळायची, नवरा मागावर. पाचव्या महिन्यात नवऱ्याला कावीळ झाली, मागावर जाणं बंद. त्या दहा तारखेला अक्का आलीच नाही. दाराशी बसून पान कातरत होती, मान वर करत नव्हती. ओट्यावर अकरा बायका आणि डब्यात 5,500. एकजण म्हणाली, नियम तो नियम, उद्या प्रत्येकीच्या घरात काही ना काही होईल. तिचं चूक नव्हतं, तिचाही नवरा रोजंदारीवरच होता. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शेवटी ज्या मावशीचा त्या महिन्याचा नंबर होता, तीच म्हणाली, "अगं, ती बुडवालीय व्हय? तिच्या घरात चूल कशी पेटतीया ते बघालाव की आपण." आणि 5,500 मोजून घेऊन उठली. सहाव्या महिन्यालाही तसंच झालं. कामचुकार कोण आणि हवाच काढून घेतलेली कोण, हा जो फरक झाडाला कळला नव्हता, तो मावशीला कळला.

आईनं वहीत अक्काच्या नावापुढं त्या दोन महिन्यांना फुली मारली नाही. दोन रकाने रिकामे ठेवले. फेरी संपल्यावर, दिवाळीच्या आधी, अक्का एका संध्याकाळी दोन पाकिटं घेऊन आली, एक त्या मावशीसाठी आणि एक सहाव्या महिन्यात नंबर लागलेल्या बाईसाठी. नोटा दहा-दहाच्या, तंबाखूचा वास असलेल्या. आईनं मला वही आणायला सांगितली. निळ्या शाईच्या रांगेत ते दोन आकडे लाल पेनानं आहेत, कारण घरात त्या वेळी माझं लाल पेनच चालत होतं. पुढच्या फेरीच्या पहिल्या पानावर बारा नावं आहेत, अक्काचं तिसरं.